उघडता येणारा गियरबॉक्स

साखरखेर्ड्यात आता जीपचा गियरबॉक्स क्वचितच कोणी उघडतं. उघडायला जीपच उरलेल्या नाहीत, हे त्याचं सरळ कारण. ज्या उरल्या त्या एखाद्या घरामागे कडब्याच्या गंजीला टेकून उभ्या आहेत. हौद्यात गोवऱ्या, वरून फाटकी ताडपत्री. प्रवासी नेणारी काळी-पिवळी जीप गेली याबद्दल लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलं. टपावर बसलेली माणसं, मागच्या फळीवर लटकलेला क्लिनर, कॅसेटवरची गाणी, सगळं लिहून झालं. मला निरोप द्यायचा आहे तो तिच्या पोटातल्या एका वस्तूला, जिच्याबद्दल कोणी दोन ओळी खरडल्या नाहीत. ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी, पत्र्याखाली बसवलेली ती बिडाची पेटी. आधी तीन, मग चार गियर पुढचे, एक मागचा.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथली पोरं शाळेत जायच्या आधीच शिकतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. रेल्वे घाटाखालून गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं तिकडची. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा. आणि सिंदखेडराजा तालुक्यातलंच आमचं साखरखेर्डा. इकडे रूळ नाहीत. जालना-खामगाव रेल्वेची मागणी पिढ्यान्पिढ्या चालू आहे. तोवर खताच्या गोण्या, सिमेंट, सोयाबीन, कापूस, अडलेली बाळंतीण, लग्नाचा रुखवत, सगळं चाकांवर आलं आणि चाकांवरच गेलं. खामगावहून बोथ्याचा घाट चढताना किंवा मलकापूरकडून राजूरचा घाट चढताना भरलेल्या जीपचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला गियरबॉक्सचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

इतिहासाच्या पुस्तकात साखरखेर्ड्याचं नाव येतं ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने मुबारिझ खानाला इथे हरवलं, हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला, आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. जिंकलं कोण, हरलं कोण, तारीख काय, सगळं नोंदलेलं आहे. त्या फौजांचं सामान कुठल्या बैलांनी ओढलं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ओझं ओढणाऱ्याची नोंद ठेवायची आपल्याकडे रीतच नाही. ही घ्या एक.

या पेटीचं कूळ अमेरिकेतलं. ओहायो राज्यात टोलेडो शहरी विलीसचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात तिथे जी लष्करी जीप तयार झाली तिला पुढचे तीनच गियर होते. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी, नागरी वापरासाठी जी जीप काढली तिला जरा दणकट पेटी दिली, टी-९० नावाची. तिलाही गियर तीनच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने विलीसच्या जीप सुट्या भागांतून मुंबईत जोडायला घेतल्या आणि ही पेटी आपल्याकडे आली. पुढे कित्येक दशकं सीजे-३बी जीपमधून ती गावोगाव पोचली. तहसीलदाराची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप, सगळ्यांच्या पोटात हीच. सरकारी लिलावात त्या जीप निघाल्या की गावातल्या धडपड्या माणसांनी घेतल्या आणि त्यांच्या मागे ट्रॉल्या लागल्या.

आता जरा आकडे. टी-९० चा पहिला गियर साधारण २.८ चा. म्हणजे इंजिनाचे २.८ फेरे झाले की पेटीतून बाहेर निघणारा शाफ्ट एकदा फिरतो. ओझं ओढायला एवढ्याने भागत नाही. खास ओझ्याच्या अमेरिकन पेट्यांत पहिला गियर सहाच्या वर असायचा. पण जीपला मागे ट्रान्सफर केस होती, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी दुसरी पेटी. तिची लो रेंज टाकली की आणखी जवळजवळ अडीच पट. पुढे हाउसिंगमध्ये क्राउन-पिनियन ५.३८ चे. तिन्हींचा गुणाकार करून पाहा, छत्तीसच्या वर जातो. इंजिन छत्तीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. जेमतेम पाऊणशे हॉर्सपॉवरच्या त्या पेट्रोल इंजिनाने काळ्या रानात रुतलेली भरली ट्रॉली ओढून काढली, अशा गोष्टी पारावर सांगितल्या जातात. त्यातला अर्धा भाग सांगणाऱ्याचा, अर्धा या गुणाकाराचा.

पुढे डिझेल इंजिनं आली. एमएम ५४० जीपमध्ये केएमटी-९० ही चार गियरची पेटी आली आणि एक जादा गियर मिळाल्याने घाटात दुसरा-तिसरा करणाऱ्या ड्रायव्हरांचा जीव भांड्यात पडला. तीन गियरच्या पेटीत दुसरा गियर इंजिनाला रडवायचा आणि तिसरा बंद पाडायचा, मधलं काही नसायचं. ओझ्यासाठी पेटी पारखताना लोक पहिल्या गियरकडे बघतात. जाणता ड्रायव्हर दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर बघतो. गाडी हलवायला पहिला गियर पुरतो, घाट दुसऱ्या-तिसऱ्यावर चढायचा असतो.

पेटी निवडण्याचा खरा प्रश्न यायचा तो इंजिन बदलताना. जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन मालकाला परवडेनासं व्हायचं, मग दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन आणून बसवायचं. तेव्हा पेटी कोणती ठेवायची? जुनी ठेवली तर इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये लेथवाल्याकडून जाड प्लेट करून घ्यावी लागते, कारण एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. त्या प्लेटचं मध्य केसभर जरी सरकलं तरी पेटीचा टॉप शाफ्ट तिरका फिरतो आणि पुढचं बेअरिंग खाऊन टाकतो. क्लच प्लेटच्या मधल्या आट्या टॉप शाफ्टला जुळायला हव्यात, बाहेरचा घेर नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला. मग एका प्लेटचा मधला भाग आणि दुसऱ्या प्लेटचं अस्तर रिबिट मारून एक करायचं. बरं, इंजिनासोबत आलेलीच पेटी घेतली तर तिच्या मागे जीपची ट्रान्सफर केस बसत नाही. म्हणजे फोर बाय फोर गेलं, लो रेंज गेली, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडून लांब-आखूड करायचा, आणि गियरचा दांडा कुठे निघेल ते देवाला ठाऊक. बाजारात पंधरवड्यातून एकदा जाणाऱ्याने दुसरा पर्याय घेतला तर चालतं. पावसाळ्यात शेतातून माल काढायचा असेल तर जुनीच पेटी ठेवून प्लेटवर खर्च करावा, हे माझं मत आहे, आणि ज्यांनी उलट केलं त्यांच्या गाड्या जुलैमध्ये बांधावर उभ्या दिसायच्या.

डिझेल इंजिनाने पेटीचं दुखणं वाढवलं हेही खरं. ताकदीपेक्षा त्याचे ठोके कडक. प्रत्येक ठोका दात्यावर बसतो, आणि पेट्रोलच्या मऊ इंजिनामागे वर्षानुवर्षं निभावलेली पेटी डिझेलमागे लवकर बोलायला लागते.

बोलायला लागते म्हणजे काय ते आता सांगतो, कारण या लेखातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. गॅरेजवर जीप आली की मिस्तरी बॉनेट उघडायचे नाहीत. मालक सांगायचा, "मिस्तरी, गेरबाकस वरडते." त्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "कोन्त्या गेरात?"

त्या प्रश्नात अर्धी दुरुस्ती असे. चौथा गियर जीपमध्ये सरळ असतो. इंजिनाकडून येणारा टॉप शाफ्ट आणि मागे जाणारा मेन शाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि खालच्या लेशाफ्टवर ओझं येतच नाही. तेव्हा पहिला, दुसरा, तिसरा ओरडतात आणि चौथ्यात गाडी शांत होते, तर दोष लेशाफ्टच्या बेअरिंगचा किंवा त्याच्या दात्यांचा. चारही गियरांत सारखंच ओरडत असेल तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग बघा. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला आणि आवाज येतो. क्लच दाबला की आवाज जातो: टॉप शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होतो: मग पेटी उघडू नका, रिलीज बेअरिंग गेलं आहे, स्वस्तात सुटलात. एकच गियर टाकताना करकरतो आणि बाकीचे गुमान पडतात: त्या गियरची पितळी रिंग. सगळेच करकरतात: क्लच पुरता सुटत नाही, पेटीचा काही दोष नाही.

ही विद्या पुस्तकात नव्हती असं नाही. पण आमच्याकडे ती कानात होती, आणि ती मिस्तऱ्यापुरती नव्हती हे महत्त्वाचं. ड्रायव्हर सांगायचा, क्लिनर सांगायचा, रोज मेहकरला जाणारा शिक्षक मागच्या फळीवरून सांगायचा की भाऊ, आज तिसऱ्यात जरा वेगळं वाटतं.

सगळ्यात अवघड दुखणं म्हणजे गियर उडणं. घाट उतरताना पायाने ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो, आणि मागे ओझं असेल तर ते ओझं गाडीला पुढे ढकलतं. इंजिनाची ओढ एकदम सुटते. मग राहतात ते ब्रेक, आणि त्या काळच्या जीपचे ब्रेक काय होते ते विचारू नका. म्हणून दुसरा गियर उडणारी जीप घाटात नेणारा ड्रायव्हर एक हात दांड्यावर दाबून धरायचा. कुणी दांड्याला सायकलची ट्यूब बांधून ठेवायचा. ते चालायचं, आणि तो शुद्ध मूर्खपणा होता.

गियर उडण्याची कारणं अनेक. गियरला पकडणारे बारीक दाते झिजून उतरते झालेले. किंवा सिलेक्टरला जागेवर धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग मेलेली. किंवा फोर्क वाकलेला. किंवा लेशाफ्टच्या दोन्ही टोकांचे वॉशर झिजून शाफ्ट पुढे-मागे हलतो. गियरचे दाते तिरके कापलेले असल्याने ओझ्याखाली ते शाफ्टला एका बाजूला ढकलतात. वॉशर झिजले की ती ढकल अडवायला काही राहत नाही. नवीन स्प्रिंग टाकून गाडी परत देणारा मिस्तरी महिनाभरात पुन्हा भेटायचा. पेटी पुरी उतरवून वॉशरची जाडी पाहणारा मिस्तरी दोन दिवस जास्त घ्यायचा आणि गाडी वर्षं काढायची.

उतरवणं हे कामच अंगावर येणारं. खड्ड्यात उतरून, ट्रान्सफर केससकट ती बिडाची पेटी दोघांनी हातावर आणि छातीवर झेलायची. लिफ्ट नव्हती, असायची ती एक साखळी आणि एक लिंबाची फांदी. आधी ऑइल काढायचं, आणि खरा निकाल तिथेच लागायचा. ऑइलच्या बुचाला चुंबक असेल आणि त्यावर काजळासारखी बारीक काळी पूड दिसली तर काळजी नाही, ती वयाची झीज. पापुद्रे किंवा कण दिसले तर दाता गेला. ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरलं आणि त्यात सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा संपल्या.

वरचं झाकण काढताना नव्या पोराला हमखास एक धडा मिळायचा. सिलेक्टरच्या दांडीखाली ती छोटी पोलादी गोळी स्प्रिंगवर दाबून बसलेली असते. दांडी ओढली की गोळी उडते. मग सगळं गॅरेज गुडघ्यावर. जुने मिस्तरी दांडी ओढायच्या आधी वर तळहात धरायचे, काहीही न सांगता. ते पाहून जो शिकला तो टिकला.

मग सगळे गियर रॉकेलमध्ये धुऊन पोत्यावर ओळीने मांडायचे, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. पितळी रिंग तपासायची पद्धत मला फार आवडते, म्हणून इथे थांबतो. रिंग गियरच्या शंकूवर हाताने दाबायची आणि पिळून पाहायची. पकडली पाहिजे, घसरता कामा नये. मग रिंग आणि गियरच्या दात्यांमध्ये किती फट राहते ते पाहायचं. रिंग झिजली की ती शंकूवर खोल बसते आणि फट नाहीशी होते. मग गियर टाकताना ती दोन्ही शाफ्टांचा वेग जुळवायच्या आधीच थांबते आणि दाते दात्यांवर आदळतात. रिंगेच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा असतात. त्या ऑइलचा थर कापतात, तेव्हा कुठे पितळ पोलादाला धरतं. त्या रेघा नखाला लागल्या नाहीत तर रिंग फेकायची, दिसायला कितीही नवी असो. सिंक्रोमेशची ही युक्ती १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आली. टी-९० पेटीच्या पहिल्या गियरला मात्र ती नव्हतीच, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. त्या काळच्या ड्रायव्हरचा कस त्यात लागायचा.

जोडणीत सगळ्यात नाजूक काम बारीक सुट्या रोलरांचं. टॉप शाफ्टच्या पोकळ टोकात मेन शाफ्टचं नाक फिरतं, आणि दोघांमध्ये हे रोलर. पोकळीला आतून ग्रीस फासायचं, एकेक रोलर त्यात उभा चिकटवायचा, शेवटचा रोलर चापून बसला की हिशेब बरोबर. एक जरी आडवा पडला तर पेटी परत उघडा. ज्या पेट्यांत लेशाफ्टही अशाच रोलरांवर फिरतो त्यांच्यासाठी मिस्तरी एक खोटा शाफ्ट करून ठेवायचे: खऱ्याच जाडीचा, पण गियरच्या लांबीएवढाच कापलेला. रोलर त्याच्याभोवती लावायचे, सगळं पेटीत सोडायचं, आणि खरा शाफ्ट एका बाजूने ठोकत खोटा दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. हातोडा आणि शाफ्टच्या मध्ये पितळी तुकडा धरून. रोलरांना कळायलाही नको की माणूस बदलला.

बेअरिंग, रिंगा, वॉशर आणायला जालना नाहीतर अकोला. एसटीच्या पहिल्या गाडीने पोऱ्या जायचा, हातात जुना नग आणि खिशात नंबरची चिठ्ठी.

ऑइलच्या बाबतीत मात्र आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गोंधळ झाला आणि त्यात पुष्कळ पेट्या अकाली गेल्या. दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" म्हणायचं, एवढंच ठाऊक. पण डब्यावर आणखी एक खूण असते, जीएल-४ किंवा जीएल-५. जीएल-५ हे हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनसाठी; तिथे दाते एकमेकांवर घासत सरकतात म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. तीच द्रव्यं गरम झाल्यावर पितळाला खातात, आणि ओझं ओढणारी पेटी गरम होतेच. पाच मोठा, चार छोटा, म्हणून पाचवालं भारी, असं समजून लोकांनी एकाच डब्यातलं ऑइल दोन्हीकडे ओतलं आणि नंतर दोष रिंगांना दिला.

तसंच टोचनचं. जीप बंद पडली की दोरखंड बांधून टोचन लावायचं आणि न्यूट्रलमध्ये कितीही लांब ओढत आणायचं. इंजिन बंद असलं की लेशाफ्ट फिरत नाही, आणि पेटीतलं ऑइल वर उडवतो तो लेशाफ्टच. मागच्या चाकांमुळे मेन शाफ्ट मात्र गरगर फिरत राहतो, कोरडा. निघाली तेव्हा पेटी धड होती, गावात आली तेव्हा आतून जळलेली. चार बोल्ट काढून मागचा जॉईंट सोडला असता किंवा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली असती तर काही झालं नसतं.

श्रद्धांजलीत मेलेल्याचे दोष सांगायचे नसतात म्हणे. पण ही पेटी देवमाणूस नव्हती. तिच्या जिवावर जीपमध्ये जेवढी माणसं बसायची त्याच्या कितीतरी पट माणसं कोंबली गेली. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जीप आठवा. ड्रायव्हर अर्धा बाहेर, गियरचा दांडा कुणाच्या तरी गुडघ्यांमध्ये. छत्तीसचा गुणाकार गाडी ओढून नेतो, थांबवत नाही. त्यात जी माणसं गेली त्यांच्या घरी या जुन्या आठवणी कौतुकाने सांगता येत नाहीत. आणि दुरुस्ती नेहमी इमानेइतबारे व्हायची असंही नाही. भंगारातल्या गाडीचा गियर घासून पुसून नव्याच्या भावात बसायचा. मिस्तऱ्यांच्या हातांची सालटी रॉकेलने गेली, कंबर खड्ड्यात गेली. त्यांच्या पोरांनी हा धंदा घेतला नाही याचं मला वाईट वाटत नाही.

पेटी मेली ती हळूहळू, आणि एका कारणाने नाही. टाटा ४०७ १९८६ ला आली आणि जड माल तिच्याकडे गेला. बोलेरो २००० साली आली, पाठोपाठ तिची पिकअप आली, आणि २००५ ला टाटा एसने बारका माल उचलला. टाटा एस सोडली तर या गाड्यांना पाच गियर आणि सगळ्यांना सिंक्रो. पाचवा गियर सपाट रस्त्यावर डिझेल वाचवण्यासाठी, ओझ्यासाठी नव्हे; बऱ्याच पेट्यांत तो मुख्य खोलीच्या बाहेर मागच्या शेपटीत बसवलेला असतो. ट्रेलर ओढणाऱ्या अमेरिकन डॉज पिकअपमध्ये एनव्ही-४५०० नावाच्या पेटीचा पाचव्या गियरचा नटच सैल होऊन गियर मागे सरकायचा. तरी आमच्याकडे भरली पिकअप पाचव्यात रेटणारे कमी नाहीत. ते असो. नव्या पेट्या चांगल्या आहेत, हे मोकळ्या मनाने कबूल करायला हवं. लाखो किलोमीटर त्या उघडाव्या लागत नाहीत. उघडावी लागत नाही म्हणून कोणी उघडायला शिकत नाही, आणि शेवटी उघडायची वेळ आली की सर्व्हिस सेंटर सांगतं, असेंब्ली बदला. मजुरी, सुटे भाग आणि गॅरंटी यांचा हिशेब मांडला तर तेही चूक नाही.

मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. १५ वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून महाग झालं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्याच तालुक्यातून जातो, आणि त्या रस्त्यावर जीपला काही काम नाही. घरोघरी मोटारसायकली झाल्या, आणि काळी-पिवळीची वाट बघत फाट्यावर उभं राहणारं गिऱ्हाईक संपलं.

हे एकट्या आपल्याकडेच घडलं असं नाही. जिथून ही पेटी आली त्या अमेरिकेत ओझं ओढणाऱ्या मोठ्या पिकअपमधून हाताचे गियर एकेक करून गेले. फोर्डने २०१० नंतर बंद केले. रॅमने २०१८ पर्यंत तग धरला आणि त्यानंतर तिथे ट्रेलर ओढणारी मोठी मॅन्युअल पिकअप नवी मिळेनाशी झाली. कारण भावनेचं नव्हतं: ऑटोमॅटिक पेट्या त्यांच्यापेक्षा जास्त वजन ओढू लागल्या. आपल्याकडे माल वाहणाऱ्या पिकअपला अजून हाताचाच गियर आहे, तेव्हा गियर मेला असं म्हणता येणार नाही. मेली ती गावात उघडली, धुतली आणि जोडली जाणारी पेटी.

गंमत अशी की पुण्या-मुंबईचे हौशी लोक आता अशाच जीप शोधत फिरतात. रविवारी चिखलात घालायला त्यांना एमएम ५४० हवी असते, सीजे-३बी मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्यांच्याकडे त्या पेटीला खरं जीएल-४ ऑइल मिळतं आणि ओझं शून्य. आयुष्यभर राबली तिला म्हातारपणी चांगले दिवस आले. मिस्तरी मात्र त्यांनाही इकडचाच लागतो.

ज्यांच्या अंगणात अशी जीप अजून उभी आहे त्यांना एवढंच सांगणं. चालवत असाल तर पुढच्या वेळी डब्यावरची खूण वाचून ऑइल घ्या आणि टोचन लावण्याआधी मागचा जॉईंट सोडा. चालवत नसाल, विकायची ठरलीच असेल, तर किलोच्या भावाने नेणाऱ्याला जीप देण्याआधी पेटी तेवढी उतरवून ठेवा. भंगाराची गाडी जालन्याच्या भट्ट्यांकडे जाते, तिथून काही परत येत नाही. जवळच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे वर्ग चालतात. तिथल्या मास्तरांना विचारा आणि पेटी त्यांना देऊन टाका. एका बाकावर ती पेटी, शेजारी रॉकेलचं घमेलं आणि एक पाना असला की पोरं ती उघडतील. गोळी उडाली तर उडू द्या.